आरसी यॉटसाठी घडीचा स्टँड: मापं, सामान आणि बल्बची वाट

(झुळूक, नांगर, रंधा, कैचीचा कोन, मोरपिसारा, शीडवाली, नदीकाठ ही चर्चेतल्या सभासदांची टोपणनावं.)

झुळूक:
एक मीटरच्या आरसी (रिमोटने चालणाऱ्या) यॉटसाठी, म्हणजे इंटरनॅशनल वन मीटर (आयओएम) वर्गातल्या बोटीसाठी, घडी होणारा स्टँड घरी बनवायचा आहे. अपेक्षा अशा:
- बोट साधारण कमरेच्या उंचीवर हवी, म्हणजे शीड बांधताना, शीटची (शीड ओढणाऱ्या दोरीची) लांबी लावताना वाकावं लागणार नाही.
- घडी केल्यावर हॅचबॅकच्या डिकीत किंवा मागच्या सीटच्या पायाशी मावला पाहिजे.
- खडकवासला धरणाच्या काठावर, म्हणजे मुरूम, दगडगोटे आणि पाणी ओसरल्यावरचा चिखल, यावर उभा राहिला पाहिजे.
- तोच स्टँड डीएफ ९५ (ड्रॅगनफ्लाइट ९५, थोडी लहान आरसी यॉट) लाही चालला तर उत्तम.

डोक्यात असलेला आराखडा असा: कॅम्प स्टूलसारख्या दोन कैच्या, एक पुढे आणि एक मागे. दोन्ही कैच्यांच्या मधोमध आरपार एकच लोखंडी सळई, तीच बिजागरी. वर कापडाची झोळी. सागवान घ्यावं की १८ मिमीचा मरीन प्लाय, एवढंच ठरत नाहीये.

नांगर:
लाकडाचं नंतर बघू. आधी ती आरपार सळई काढून टाका. कैचीची बिजागरी बोटीच्या बरोबर मध्यरेषेवर येते आणि कीलची फिनही (तळाखालची उभी पाती, जिच्या टोकाला बल्ब म्हणजे जड वजन असतं) मध्यरेषेवरच. बोट वरून खाली सोडली की बल्ब थेट सळईवर आदळेल. प्रत्येक कैचीला तिचा स्वतंत्र बोल्ट हवा, मधली जागा पूर्ण मोकळी. पुढची आणि मागची कैची एकमेकींना जोडायची ती पायांच्या टोकांजवळच्या आडव्या दांड्यांनी. ते दांडे बाजूला असतात, मध्ये येत नाहीत.

दुसरं, फिनची नाही, बल्बची लांबी मोजा. बोट स्टँडवर ठेवताना दोन झोळ्यांच्या मधून आख्खा बल्ब खाली जायचा असतो. बल्ब २८० ते ३०० मिमी असेल तर झोळ्यांमधलं अंतर किमान ३५० मिमी पाहिजे. बोट हातात धरलेली, वरून वारा, अशा वेळी २५ मिमी पुढेमागे होणारच.

रंधा:
नांगर यांच्याशी पूर्ण सहमत. खाली पूर्ण मापं देतो. ही आयओएम डोळ्यांसमोर ठेवून आहेत: लांबी जास्तीत जास्त १००० मिमी, वजन किमान ४ किलो, पाण्याखालची खोली जास्तीत जास्त ४२० मिमी. म्हणजे हलच्या (बोटीच्या मुख्य अंगाच्या) तळापासून बल्बच्या खालच्या कडेपर्यंत साधारण ३६० मिमी धरा.

लाकूड: सागवान, दीड बाय पाऊण इंच, रंधा मारून ३८ × १९ मिमी. रंधून झाल्यावर मोजा. दीड इंच म्हणून घेतलेली पट्टी रंधल्यावर ३५ मिमी भरते आणि मग पुढची सगळी मापं सरकतात. टिंबर मार्केटमध्ये सांगतानाच 'रंधून तयार दीड बाय पाऊण' असं सांगायचं.

तुकडे:
पाय, ८५० मिमी, ४ नग.
बाहेरच्या चौकटीचे आडवे दांडे, ५३० मिमी, २ नग.
आतल्या चौकटीचे आडवे दांडे, ४८८ मिमी, २ नग.

६ फुटी दोन पट्ट्यांत चार पाय बसतात, साडेतीन फुटी दोन पट्ट्यांत चारही दांडे. एकूण १९ फूट, म्हणजे ०.१५ घनफूट. इतकं कमी लाकूड वखारीत बहुधा कापून उरलेल्या पट्ट्यांमधूनच मिळतं. गाठ असलेली पट्टी पायाला घेऊ नका, आडव्या दांड्याला चालेल.

बिजागरीचं भोक पायाच्या खालच्या टोकापासून ४७० मिमीवर. वर ३८० मिमी उरतात. दोन पायांमधला कोन ६० अंश ठेवायचा. याचा फायदा असा की समभुज त्रिकोण तयार होतो, कोनमापक लागतच नाही. खाली पायांमधलं अंतर ४७० मिमी आणि वर ३८० मिमी आलं की कोन बरोबर ६० आहे. वरच्या टोकाची उंची भरते ७३६ मिमी.

चारही पाय एकावर एक रचून शिकंजात आवळा आणि भोक एकदमच पाडा, तेही उभ्या ड्रिल मशीनवर. हातातल्या ड्रिलने ७६ मिमी जाडीतून सरळ भोक जात नाही. शेवटच्या पायात ते २-३ मिमी सरकतं, मग पुढची आणि मागची कैची एका रेषेत फिरत नाही आणि स्टँड अर्ध्यावर अडकतो. तसं मशीन जवळ नसेल तर फॅब्रिकेशनच्या दुकानातून चार भोकं पाडून आणा.

बोल्ट एम ८ × ६० (८ मिमी जाड, ६० मिमी लांब), स्टेनलेस ३०४, २ नग, नायलॉक नटसह (आत नायलॉनची कडी असलेला नट). साधा नट घालू नका, उघडमिट करून तो दहा वेळांत सैल होतो. प्रत्येक बोल्टला तीन मोठे वायसर: एक डोक्याखाली, एक दोन पायांच्या मध्ये, एक नटाखाली. मधला वायसर विसरला तर लाकूड लाकडावर घासतं आणि पावसाळ्यात फुगून जाम होतं. बोल्टचं डोकं आतल्या बाजूला, नट बाहेर. उलटं केलंत तर बोल्टचे आटे फिनला आणि बल्बच्या रंगाला ओरखडे पाडतील.

शक्य असेल तर भोक १० मिमीचं पाडून त्यात पितळी नळी बसवा, आतून ८, बाहेरून १०. लाकडातलं नुसतं भोक वर्षभरात अंडाकृती होतं आणि स्टँड डुलायला लागतो.

नांगर:
दांडे कुठे ठोकायचे तेही लिहा. घडी अडते ती तिथेच.

रंधा:
हो, लिहितो.

स्टँडमध्ये दोन चौकटी आहेत. बाहेरची चौकट म्हणजे दोन पाय आणि ५३० चे दोन दांडे. आतली चौकट म्हणजे दोन पाय आणि ४८८ चे दोन दांडे. आतली चौकट बाहेरचीच्या पोटात फिरते. आतल्या पायांमधली मोकळी जागा ४५० मिमी, बाहेरच्या पायांमधली ४९२. फरक ४२ मिमी: दोन पायांची जाडी ३८ आणि दोन्हीकडच्या वायसरसाठी २-२.

दांडे पायांच्या मध्ये बसवायचे नाहीत. बाहेरच्या चौकटीचा दांडा पायांच्या मध्ये टाकलात तर घडी करताना तो आतल्या पायांवर आपटेल, स्टँड मिटणारच नाही. सगळे दांडे पायांच्या कडेवर, बाहेरच्या अंगाला बसवा. उघड्या स्टँडकडे नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) बाजूने पाहिलं तर वरचे दांडे दोन्ही पायांच्या बाहेरच्या कडेला आणि खालचे दांडेही बाहेरच्याच कडेला. मिटल्यावर पाय एका ओळीत येतात, दांडे दोन बाजूंना राहतात, एकूण जाडी ७६ मिमी. घडीचं माप ८५० × ५३० × ७६, त्यात नटांचे थोडे मिलिमीटर धरा.

वरचा दांडा पायाच्या टोकाशी सपाट. खालचा दांडा मात्र टोकापासून ५० मिमी वर. दांडा अगदी खाली ठेवला तर मुरुमावरच्या एखाद्या गोट्यावर तो मधोमध टेकतो आणि स्टँड डुलतो. चार सुटी टोकं टेकलेली बरी.

प्रत्येक सांध्याला ४ × ४० मिमीचे दोन स्टेनलेस स्क्रू, तिरक्या रेषेत, आधी ३ मिमीचं भोक पाडून. सागाच्या कडेत भोक न पाडता स्क्रू घातला तर १९ मिमीची कड चिरते. सोबत वॉटरप्रूफ फेविकॉल. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवायची जागा आधी थिनरने पुसून घ्या.

जोडणीचा क्रम महत्त्वाचा. आधी बोल्ट घालून दोन्ही कैच्या तयार करा, मिटलेल्या अवस्थेत सपाट फरशीवर ठेवा, पायांमध्ये २ मिमीचा पुठ्ठा सरकवा आणि मग दांडे लावा. प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, फरक २ मिमीच्या आत हवा. चौकटी आधी करून मग बोल्ट घालायला गेलात तर भोकं जुळत नाहीत.

कैचीचा कोन:
मापं चांगली आहेत, पण यात एक गोष्ट सुटली आहे. हा स्टँड बोट ठेवल्यावर स्वतःहून मिटू शकतो. पसरण्याची भीती सगळ्यांना असते, म्हणून लोक खाली दोरी बांधतात. इथे दोरीचा उपयोग नाही.

हिशेब असा. झोळी जितकी उथळ तितकी ती पायांची टोकं आत जास्त ओढते. रंधा यांच्या मापांत झोळीचा झोल (ती मध्ये खाली लोंबते ते अंतर) ८० मिमी ठेवला तर प्रत्येक टोकावर खाली येणारा भार १ किलो (४ किलोची बोट, चार टोकं) आणि आत ओढणारा जोर साधारण १.७ किलो. बिजागरीपासून वरचं टोक ३२९ मिमी उंच, १९० मिमी बाजूला. पायाचं खालचं टोक २३५ मिमी बाजूला.

पसरवणारं बळ (जोर × बिजागरीपासूनचं अंतर): १ × (१९० + २३५) = ४२५
मिटवणारं बळ: १.७ × ३२९ = ५५९

मिटवणारं जास्त आहे. उरलेल्या १३४ ला अडवतं फक्त जमिनीशी होणारं पायांचं घर्षण, आणि त्याचा हात (बिजागरीपासूनचं उभं अंतर) ४०७ मिमी. म्हणजे घर्षणाचा गुणांक साधारण ०.३३ च्या वर असेल तर स्टँड उभा राहतो, खाली असेल तर पाय आत सरकतात. मुरुमावर तो ठणठणीत उभा राहील. ओल्या फरशीवर, गॅलरीत, वर्कशॉपच्या गुळगुळीत कोब्यावर वरची टोकं हळूहळू जवळ येऊन हलला दोन्ही बाजूंनी चिमटतील.

झोल वाढवला तर हा जोर कमी होतो. १०५ मिमी झोलाला दोन्ही बाजू बरोबरीत येतात.

नांगर:
झोल वाढवायचा नाही. हलची खोली साधारण ९० मिमी. झोल ८० ठेवला की डेक पायांच्या टोकांपेक्षा १० मिमी वर राहतो. १०५ केला तर टोकं डेकच्या वर १५ मिमी येतील. जिबची बूम (पुढच्या शिडाखालची दांडी) डेकला खेटूनच फिरते, ती पायाच्या टोकावर आपटेल आणि शीट अडकून राहील. काठावर रेडिओ तपासताना सर्वो (बोटीतली मोटर) शीट ओढायला जातो, बूम अडकलेली असते, आणि सर्वो तिथेच गरम होतो. पायांची टोकं डेकच्या खालीच पाहिजेत, यात तडजोड नको.

कैचीचा कोन:
मान्य. मग दोन्ही बाजूंना अडवणारं कुलूप हवं, म्हणजे दोरीऐवजी कडक पट्टी. जोर फार नाही, दोन्ही कैच्यांचा मिळून खालच्या दांड्यांपाशी पाऊण किलोच्या आसपास. त्यामुळे जड काही नको, पण ती दाबही घेणारी हवी आणि ताणही.

रंधा:
मग खालच्या दांड्यांवर बसणारा ट्रे करू. ९ मिमी प्लायचा, रुंदी २३० मिमी. लांबी दोन खालच्या दांड्यांच्या बाहेरच्या कडांपेक्षा दोन्हीकडे २५ मिमी जास्त. ती कागदावर काढू नका: स्टँड ४७०/३८० वर उघडून प्रत्यक्ष मोजा, कारण दांडे तिरके असतात. ट्रेच्या खालून १९ × १९ मिमीच्या चार पट्ट्या: प्रत्येक दांड्याच्या आत एक, बाहेर एक, मध्ये २ मिमी सैल. आतली पट्टी मिटू देत नाही, बाहेरची पसरू देत नाही. ट्रे वरून ठेवला की कुलूप, उचलला की घडी. हरवू नये म्हणून एका दांड्याला नायलॉनच्या दोरीने बांधून ठेवा.

ट्रे जमिनीपासून साधारण ९० मिमीवर येतो. हलचा तळ ६५६ वर, बल्बची खालची कड २९६ वर. मध्ये २०० मिमी मोकळे राहतात. पाना, बॅटरी, टेप, सगळं तिथे राहतं.

झुळूक:
सळई रद्द, ट्रे पक्का. हिशेब वाचून डोळे उघडले, मनापासून आभार. आता प्लायचं विचारतो: मरीन प्लाय घरात शिल्लक आहे, पाय त्याचेच केले तर?

रंधा:
या रचनेत नको. दांडा पायाच्या कडेवर स्क्रूने बसतो, आणि प्लायच्या कडेत स्क्रू धरत नाही, थर फाकतात. प्लाय वापरायचाच तर प्रत्येक सांध्याला ३८ मिमीतून आरपार बोल्ट लागेल. तो ५ मिमीचा असला तरी १८ मिमी जाडीत दोन्हीकडे साडेसहा मिमीच उरतात. शिवाय पट्टी वरच्या थराच्या रेषांना समांतर कापली नाही तर पाय लवतो. प्लाय ट्रेसाठी ठेवा, तिथे तो उत्तम. त्यावर आयएस ७१० छापलेलं असेल तर खरा मरीन. आयएस ३०३ असेल तर तो बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) किंवा साधा एमआर (फक्त दमटपणाला टिकणारा) असू शकतो. ट्रेला बीडब्ल्यूआरही चालेल, कडा मात्र सील करा.

मोरपिसारा:
ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप का नाही? २५ × २५, हलका आणि पाण्याने काही होत नाही.

रंधा:
वजनात वाटतो तितका फरक नाही. दीड मिमी जाडीचा २५ × २५ पाइप मीटरला साधारण ३८० ग्रॅम. या स्टँडला साडेपाच मीटर लागतो, म्हणजे २.१ किलो. साग अडीच किलो. वाचले ४०० ग्रॅम. त्यासाठी बिजागरीत आतून स्लीव्ह हवी, नाहीतर नट आवळताना पाइप चेपतो, आणि दांडे जोडायला रिव्हेट किंवा वेल्डिंग. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग प्रत्येक फॅब्रिकेटर करत नाही. ज्याच्याकडे रिव्हेट गन आहे त्याने जरूर करावं, पण पहिला स्टँड लाकडाचा बरा, कारण चूक झाली तर कानशीने, काचकागदाने सुधारता येते.

पाइन चालेल, अर्धा किलो हलका होईल. फक्त पायांना दोन हात जास्त पीयू (पॉलियुरेथेन वॉर्निश) द्या, टोकांना तर तीन. पाइन पाणी पटकन ओढतो.

पीव्हीसी पाइपचं कुणी सुचवण्याआधीच सांगतो: सुटे तुकडे टी आणि एल्बोत न चिकटवता बसवायचे, ही पद्धत डीएफ ६५ सारख्या सव्वा किलोच्या बोटीला ठीक आहे. चार किलोला नको. मे महिन्यात बंद गाडीत पडलेला पाइप वाकतो आणि तसाच राहतो.

शीडवाली:
वाऱ्याचा विचार कुणीच केला नाही अजून. स्टँड पडतो तो वजनाने नाही, वाऱ्याने पडतो.

ए रिगचं (डोलकाठी-शिडांच्या सगळ्यात मोठ्या संचाचं) शीड साधारण ०.६ चौरस मीटर. शीट घट्ट ओढलेल्या आहेत आणि वारा बोटीच्या बाजूने आला, तर ताशी १८ किमीला शिडावर साधारण ११ न्यूटन जोर येतो. तो जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर लागतो, म्हणजे १५ न्यूटन-मीटर. स्टँड आणि बोट मिळून ६.८ किलो, पायांची निम्मी रुंदी २३५ मिमी, म्हणजे पडण्याविरुद्ध १५.७ न्यूटन-मीटर. बरोबर काठावर. ताशी १८ किमी म्हणजे जून-जुलैत धरणावर कुठल्याही झोतात येणारा वारा.

ट्रेवर दोन लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या आडव्या ठेवल्या तर हीच मर्यादा ताशी २३ किमीपर्यंत जाते. बाटलीची जाडी ११० मिमीच्या आसपास, बल्बच्या खाली सहज बसते. पाणी काठावरच मिळतं, घरून वजन न्यायला नको.

पण खरा उपाय वजन नाही. नाळ वाऱ्याकडे करून स्टँड मांडा आणि शीट पूर्ण ढील द्या. शीड झेंड्यासारखं फडफडत राहिलं की जोर एकदम उतरतो. शीटला हूक असेल तर सरळ सोडूनच ठेवा. वारा फिरला की स्टँडही फिरवायचा, हे कंटाळवाणं आहे पण करावंच लागतं. बोट सोडून जायचं असेल तर रिग उतरवून ठेवा.

मोरपिसारा:
डेकवरून एक पट्टा टाकून बोट स्टँडला आवळली तर?

शीडवाली:
रिग चढवलेली असताना नको. पट्टा नसेल तर झोतात बोट झोळीत कलते, वारा शिडावरून निसटतो आणि बल्ब तिला परत उभी करतो. पाण्यावर जे होतं तेच. पट्ट्याने आवळली की कलायची सोय संपते, सगळा जोर स्टँडवर जातो आणि बोट स्टँडसकट आडवी होते. तेव्हा आधी डोलकाठीचं टोक दगडावर आपटतं. पट्टा फक्त रिग काढलेली असताना, उचलून नेताना.

नांगर:
+१. आणि पायांच्या वरच्या टोकांना काहीतरी मऊ हवंच, कारण बोट कलली की साइड-स्टे (डोलकाठीला बाजूने धरणारी तार) तिथे घासतो.

झुळूक:
झोळीचं कापड कुठलं? खाटेची सुती नवार चालेल का?

शीडवाली:
सुती नवार ओली झाली की वाळत नाही आणि तिला वास येतो. बॅगेचा ५० मिमी रुंद पॉलिएस्टर पट्टा घ्या. नायलॉन ओला झाला की ताणतो, झोल बदलतो. रंग काळा किंवा पांढरा. स्वस्त लाल, निळ्या पट्ट्यांचा रंग पाण्यात सुटतो आणि पांढऱ्या हलवर डाग पडतो, तो पॉलिशनेही जात नाही. विकत घेतल्यावर एक तुकडा गरम पाण्यात पांढऱ्या फडक्यावर रात्रभर ठेवून बघा.

प्रत्येक झोळीला १ मीटर, एकूण २ मीटर पुरे. एक टोक वरच्या दांड्याभोवती गुंडाळून शिवून टाकायचं: दांड्याचा घेर ११४ मिमी, शिलाईला ५० मिमी. शिलाई चौकोनात फुली मारून, जाड पॉलिएस्टर दोऱ्याने. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या, घरच्या मशीनची सुई तीन थरांत मोडते. दुसरं टोक दांड्याभोवती फिरवून तीन दांडीच्या स्लायडर बकलमध्ये. त्यामुळे झोल कमीजास्त करता येतो. दोन दांड्यांमधली मोकळी लांबी साधारण ४३० मिमी आली की झोल ८० च्या आसपास बसतो. बकल हलला टेकणार नाही असं दांड्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवा.

झोळ्या दांड्यावर सरकतात, याचा मोठा फायदा. डीएफ ९५ ठेवायची असेल तर झोळ्या थोड्या जवळ घ्या आणि बकल आवळा. ती ९५० मिमी लांब, वजन दोन किलोच्या आसपास, हल अरुंद आणि कमी खोल. म्हणून झोल कमी करा, नाहीतर पुन्हा टोकं डेकच्या वर येतील. बोटीचं वजन दोन झोळ्यांच्या मध्ये पडलं पाहिजे, म्हणजे फिन साधारण मधोमध. मागची झोळी सुकाणूच्या पुढेच, सुकाणूवर भार कधीही नको.

एसीच्या पाइपवरचं काळं फोम टोकांना लावायची पद्धत आहे. ते उन्हात चिकट होतं आणि पांढऱ्या हलवर काळे पट्टे उमटतात. लावलंत तर वरून पट्ट्याचंच आवरण शिवा.

आणि झोळ्या धुवा. पट्ट्याच्या विणीत मुरुमाची बारीक रेती बसते, ती काचकागदाचं काम करते. हलच्या तळावर पुढे-मागे दोन मंद पट्टे दिसायला लागले तर कारण हेच.

नदीकाठ:
सामानाचं थोडक्यात: सागवान भवानी पेठेत टिंबर मार्केटला. बोल्ट, वायसर, स्क्रू, बकल रविवार पेठेत बोहरी आळीच्या परिसरात एका फेरीत होतात. स्टेनलेस ३०४ म्हणून सांगितलेला बोल्ट लोहचुंबकाला कचकन चिकटला तर तो घेऊ नका. काठ्यांना लावतात ती रबरी बुचं पायांना हवी असतील तर तीही तिथेच मिळतात.

आणखी एक: धरणाचा काठ जलसंपदा खात्याचा, पाणी पुण्याच्या पिण्याचं. परवानगीची चौकशी करूनच जा, आणि वॉर्निशचे, ग्रीसचे डबे तिकडे नेऊ नका.

नांगर:
रबरी बूच चिखलात उपटून राहतं, मुरुमावर टिकतं. चिखलाच्या दिवसांत बूच काढून प्रत्येक पायाखाली १०० × १०० मिमी प्लायचा तुकडा ठेवा. ओला काळा चिखल असेल तर चार टोकांवर ६.८ किलो सहज रुततात, तेही चारही सारखे नाहीत, आणि डोलकाठी तिरकी दिसायला लागते.

झुळूक:
चौकटी जोडल्या. उघडमिट सुरळीत आहे, कर्णांत १ मिमीचा फरक. पण फरशीवर ठेवल्यावर एक पाय ४ मिमी अधांतरी राहतो. पायांची टोकं सध्या काटकोनात कापलेली आहेत.

रंधा:
अधांतरी पायाकडे एवढ्यात बघू नका, टोकं ३० अंशांत कापायची राहिली आहेत, ती एकदमच करू. ट्रे बसवून, ४७०/३८० मोजून स्टँड सपाट फरशीवर उभा करा. अधांतरी पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवून डुलणं पूर्ण थांबवा. मग २५ मिमी जाडीचा लाकडी ठोकळा फरशीवर सरकवत, त्यावर पेन्सिल आडवी धरून, चारही पायांना सगळ्या बाजूंनी रेघ मारा. त्या रेघेवर करवत चालवा. कोनही आपोआप बरोबर येतो आणि चारही पाय एकाच पातळीत येतात. उंची २५ मिमीने कमी होईल, चालेल. खालचा दांडा टोकापासून ५० मिमीवर असल्याने करवतीला जागा आहे.

कापल्यावर टोकांवर पीयूचे तीन हात, दोन हातांमध्ये डबीवर लिहिलेली वेळ पाळून. लाकूड पाणी पितं ते टोकातूनच. पीयूआधी साग पुन्हा थिनरने पुसा, नाहीतर थर सालीसारखा निघतो.

कैचीचा कोन:
पाय कापल्यावर वारा आणि मिटण्याचा हिशेब किंचित सुधारतो की बिघडतो ते पाहिलं. खालची रुंदी साधारण ३० मिमीने कमी होईल, वाऱ्याविरुद्धची ताकद ६ टक्क्यांनी घटेल. बाटल्या ठेवत असाल तर काळजी नाही. ट्रेच्या पट्ट्यांची मापं बदलत नाहीत, दांडे जागचे हलत नाहीत.

मोरपिसारा:
डीएफ ६५ साठी हाच स्टँड लहान करायचा तर प्रमाण काय?

रंधा:
६० अंश कायम ठेवा म्हणजे सगळं सोपं: उंची = पायाची लांबी × ०.८६६, खालचं अंतर = टोकापासून बिजागरीपर्यंतची लांबी, वरचं अंतर = बिजागरीपासून वरपर्यंतची लांबी. ६०० मिमीचा पाय, बिजागरी ३३० वर घेतली तर उंची ५२० आणि वर २७० रुंद. लाकूड एक बाय पाऊण इंच, बोल्ट एम ६. हलच्या तळापासून बल्बपर्यंतची खोली आधी मोजा आणि ट्रे व बल्ब यांच्यात किमान ६० मिमी सुटतात का ते कागदावर तपासा. सुटत नसतील तर पाय वाढवा, बिजागरी वर सरकवू नका. ती वर नेली की वरचं तोंड अरुंद होतं आणि हल बाजूंनी घासतं.

झुळूक:
रेघा मारून पाय कापले. चारही टेकतात. ट्रेमध्ये २ मिमीऐवजी ३ मिमी सैल राहिलंय, टोकं साधारण तेवढीच आत-बाहेर होतात. पट्टी बदलावी का?

रंधा:
बदलू नका. आतल्या पट्टीला १ मिमीची रबरी पट्टी चिकटवा, जुन्या सायकलच्या ट्यूबची चालते. पावसाळ्यात लाकूड फुगलं तर तीच काढून टाकता येईल.

शीडवाली:
आणि पहिल्यांदा बोट ठेवाल तेव्हा घरातल्या फरशीवर, पाय थोडे ओले करून, रिग न लावता ठेवा. पंधरा मिनिटांनी वरचं अंतर पुन्हा मोजा. ३८० होतं तिथेच असेल तर ट्रे काम करतोय.

झुळूक:
मोजलं. ३७९.